दोन अभ्रकांचा दगड

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून एक प्रकल्प घेतला होता. गोव्यात डिचोली आणि पेडणे भागातल्या दगडांमधलं अभ्रक तपासायचं आणि ते दगड कसे घडले ते शोधायचं. मी डिचोलीजवळच्या मयेची, म्हणून डिचोलीचे डोंगर माझ्याकडे. तो पेडण्याचा, वर्गातला माझा सगळ्यात जवळचा मित्र; तिथल्या तुये गावाकडचे व्हाळ, म्हणजे ओढे, त्याच्याकडे.

माझ्या दगडांत अभ्रक इतकं बारीक, की नुसती रेशमासारखी झाक दिसायची. म्हणजे जुना चिखल दाबला गेला, तापला, पण वितळला नाही. एका सोमवारी त्याने पिशवीतून ग्रॅनाइटचे तुकडे काढले. भिंगाखाली काळं आणि पांढरं, दोन्ही अभ्रकं शेजारी शेजारी, मधे गार्नेट या खनिजाचे लालसर ठिपके. मी ओरडलेच. असा दगड बहुधा खोल जमिनीत चिखलाचे थर वितळून तयार होतो.

"व्हाळात गावलो हो?"

"खडकातसून फोडून काढलंय. वर आजून आसा."

मी त्याला सगळं समजावत बसले, तो मान डोलवत राहिला. त्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं, आमच्या मार्गदर्शक मॅडमसमोर ठासून मांडलं.

महिन्याभराने स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी फरशी बघायला बाबांबरोबर तुयेला गेले. फरशी कापणाऱ्यांच्या आवारात तुकड्यांचा ढीग पडला होता. एक उचलला. तीच दोन अभ्रकं, तेच लालसर गार्नेटचे ठिपके.

कामगार म्हणाला, "हा बाहेरच्या राज्यातून येतो. कॉलेजातला एकजण घेऊन गेला मागे. मशीनने कापलेली बाजू मुद्दाम फोडून मागितली त्याने."

बाबांना तिथेच ठेवून मी त्याला गाठायला मांद्र्याला गेले. त्याच्या मामाच्या गेस्ट हाउसमध्ये तो चादरी वाळत घालत होता. पर्यटकांचा सगळा सीझन, सुट्टीच्या प्रत्येक दिवशी तो तिथेच होता, व्हाळाकडे फिरकलाही नव्हता.

"माका तुका फसवूचा नव्हता," तो म्हणाला. "मामाकडे कामाक माणूस नव्हतो. तू इतकी खूश झालंस, मगे सांगूक धीरच झालो नाय."

"वर आजून आसा, असा कित्याक म्हणालंस मगे?"

तो चादरीच्या सुरकुत्या काढत राहिला.

मॅडमना मी स्वतः सांगितलं आणि प्रकरण काढून टाकलं. दोघांचंही एक सत्र गेलं. ते व्हाळ मी एकटीने, उन्हात, पालथे घातले. तिथेही बारीक अभ्रकाचेच दगड निघाले.

गेल्या वर्षी त्याच्या लग्नाला गेले होते. अजूनही तो भेटला की बोलतो, मीही बोलते. पण "जेवलंस?" असं मी विचारल्यावर तो "होय" म्हणाला, तरी मी क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहते.