सुझूच्या वाचनाचा शिक्का

आमच्या गल्लीतला इवाओ आयुष्यभर बस चालवत होता. बंदरावरून स्टेशनाला, स्टेशनावरून बंदराला. आगगाडीला उशीर झाला की याची बस थांबायची, मग आतल्या म्हाताऱ्या कितीही कुरकुरोत. माझं तोफूचं दुकान, त्याच्या घराला लागूनच. आम्ही एका वर्गात शिकलो म्हणून मी त्याला अरेतुरे करते, बाकी गावाला तो इवाओसान. वाकून नमस्कार घालायला लागला की हा कमरेत मोडतो की काय असं वाटावं. आपला कुणाला त्रास होऊ नये, एवढा एकच धर्म त्याने पाळला. त्या धर्मानेच त्याचा घात केला, हे मी त्याच्या तोंडावर म्हणाले आहे.

मुलगी नागोयाला कारखान्यात, म्हणून नात सुझू याच्याकडे. तिसरीत आहे. पोराने रोज घरी धडा मोठ्याने वाचायचा आणि घरच्यांनी ऐकून कार्डावर शिक्का मारायचा, ही आमच्या शाळांची रीत. सुझू घडाघडा वाचायची. हा डोळे मिटून ऐकायचा आणि शिक्का मारायचा. गेल्या उन्हाळ्यात एकदा त्याचे डोळे मधेच उघडले. पोरगी बेडकाचा धडा म्हणत होती आणि पुढ्यात पान होतं चिमणीचं.

वर्गात ऐकलेलं तिला तोंडपाठ व्हायचं, वाचता ओळही येत नव्हती. "अक्षरं जागेवर बसतच नाहीत, आजोबा," असं म्हणाली आणि जी रडायला लागली ती थांबेना.

बिंग फुटल्यावर तिने शाळाच सोडली. दप्तर दिसलं की उलटी व्हायची. दिवसभर गाद्या ठेवायच्या कपाटात दार ओढून बसायची आणि भुवयांचे केस उपटायची. डावी भुवई तर उरलीच नाही.

मग इवाओचे हेलपाटे सुरू झाले. शाळा म्हणाली, शिकायला अडणाऱ्या थोड्या मुलांचा वेगळा वर्ग आहे, पण आधी डॉक्टरांचं मत आणा. नगरपालिकेतली बाई म्हणाली, शाळा आणि इस्पितळ दोघांचं एकमत झालं की आम्ही बघू. पोरांच्या मनातलं ऐकून घेणाऱ्या समुपदेशक बाई शाळेत महिन्यातून दोन गुरुवारी यायच्या, पण त्यांना भेटायला पोरीने शाळेत जायला हवं.

"अरे, शाळेत जाता येत नाही हेच तर दुखणं!" मी म्हणाले.

"त्यांचेही नियम असतात, फुमी."

"नियम! तुला चेंडूसारखा टोलवतायत तिघं."

तो केविलवाणा हसला. "माझी बस आगगाडीसाठी थांबायची. इथं कुणी कुणासाठी थांबत नाही गं."

इस्पितळाची तारीख मिळाली ती थेट फेब्रुवारीतली. वेगळ्या वर्गाच्या जागा त्याच महिनाअखेरीला ठरायच्या. ही वेळ चुकली की पुढचं सगळं वर्ष गेलं.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी दारातला बर्फ उपसताना पाहिलं तर आजोबा-नात न्हाव्याकडून येत होते. सुझूचे केस कपाळावर असे कापून आणले होते की भुवई दिसूच नये.

"अरे मेल्या, झाकून काय नेतोस? दुखणं दाखवायला चाललायस की सोयरीक जुळवायला?"

"डॉक्टरांपुढं नीटनेटकं जायला नको? वाकून नमस्कार कर म्हटलंय, विचारतील त्याचं स्वच्छ उत्तर दे म्हटलंय. शिकवलंय मी सगळं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोफूचं गरम सार घेऊन गेले. इवाओ अंगातला कोटही न काढता बसला होता. सुझू कपाटात.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"'हिला काही झालेलं नाही,' म्हणाले." मग म्हणाला, "तिनं इतका छान नमस्कार केला, फुमी. ते म्हणाले, शाळेचं पुस्तक आणलंयस ना, एखादं पान वाच बघू. तिनं पुस्तक उघडलं आणि सगळं न अडखळता म्हटलं. बेडूक."

"आणि पान?"

"चिमणीचं."

"आणि तू मिठाची गुळणी धरून बसलास!"

"त्यांचं लक्ष कॉम्प्युटरकडं. 'शाबास, वाचतेस की छान,' म्हणाले. आता डॉक्टरांचं म्हणणं त्यांच्या तोंडावर कसं खोडून काढायचं? तरी म्हटलं, घरी अशी नसते हो. तर हसले. 'घरी सगळीच पोरं लाडावतात, एवढ्यात तपासण्या नकोत, शरदात पुन्हा या.' बाहेर माणसं खोळंबली होती." त्याने मान खाली घातली. "मी वाकलो आणि आभार मानून आलो."

मला इतका संताप आला की साराचं भांडं आदळावंसं वाटलं. पण त्याच्याकडे पाहिलं आणि ते हळूच खाली ठेवलं. शाळेला त्याने कळवलं होतं. वर्गाच्या बाईंना फार आनंद झाला म्हणे. काही निघालं नाही ना, मग एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की पाठवा नेहमीच्याच वर्गात.

"उद्या परत जा. खरं काय ते सांग."

"फोन केला होता. शरदाच्या आत जागा नाही."

तेवढ्यात कपाटाचं दार सरकलं. सुझू बाहेर आली, हातात ते जुनं कार्ड. उन्हाळ्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. आज हसत होती.

"आजोबा, मी डॉक्टरांना वाचून दाखवलं ना? मग आज शिक्का दे."

इवाओने माझ्याकडे पाहिलं.

"कुठं चुकले का मी, आजोबा?"

"नाही गं राणी. कुठंच नाही."

"म्हणजे आता परत कुणी वाच म्हणणार नाही ना?"

त्याने खणातून शिक्का काढला, लाल शाईवर दाबला आणि कार्डावर मारला. सुझूने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कार्ड छातीशी धरलं आणि परत कपाटात जाऊन दार ओढून घेतलं.