पाचवं पिल्लू

साहेब गाभण आहेत असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सिस्टर पोट धरधरून हसल्या. दुकानदाराने छातीठोकपणे नर म्हणून ससा गळ्यात मारला, म्हणून नातीने नाव ठेवलं साहेब. मग साहेब वरच्या मजल्यावरच्या सशाशी दोन दिवस खेळले आणि व्हायचं ते झालं. नेमकं त्याच वेळी मुलीला कामासाठी महिनाभर परगावी जायचं होतं, नातीला घेऊन. "आई, तुझ्याइतकी बाळंतपणं या शहरात कुणी केली असतील?" असं म्हणत तिने पिंजरा आईच्या दोन खोल्यांत आणून ठेवला. बायकोची बाळंतपणं नवऱ्यावर ढकलता येत नाहीत, पण सशाची आईवर ढकलता येतात!

तसं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सिस्टरनी चौतीस वर्षं प्रसूतिगृहात काढली होती. निवृत्तीला आठ वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

त्या गल्लीच्या कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या दाराशी बसून एक बाई काजं-बटणं करायची. सिस्टर त्या दुकानावरून कधी जात नसत. पलीकडच्या बाजूने, मान खाली घालून जात. सव्वीस वर्षांपूर्वी ती बाई सात नंबरच्या खाटेवर होती आणि तिचं मूल मेलेलंच जन्मलं होतं. असं मूल आईला दाखवायचं नाही, ही तेव्हाची रीत. "पाहिलं की जीव गुंततो, नाही पाहिलं की विसरतात," असं मोठ्या सिस्टरबाईंनी पहिल्याच महिन्यात पढवून ठेवलेलं. चादरीत गुंडाळायचं आणि मागच्या दाराने न्यायचं. सिस्टरनी तेच केलं. बाईने त्यांची बाही घट्ट धरली होती.

"एकदा दाखवा ना. निदान सांगा तरी, मुलगी होती का मुलगा?"

"आता ते विचारून काय करणार?" असं म्हणून सिस्टरनी बाही सोडवून घेतली.

बाई विसरली की नाही, देव जाणे. सिस्टर विसरल्या नाहीत. दुपारी जरा डोळा लागला की बाहीला हिसका बसायचा आणि त्या दचकून उठायच्या. तेव्हाचे डॉक्टर केव्हाच वारले होते. ते मूल पाहिलेलं एकच माणूस आता जगात उरलं होतं, आणि ते रोज पलीकडच्या बाजूने जात होतं. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली आहे, ती परत केल्याशिवाय मरायचं नाही, असं त्या स्वतःला बजावत. पण पाय काही उचलत नव्हते.

साहेबांचं बाळंतपण मात्र त्यांनी मन लावून केलं. लाकडी पेटीत गवत अंथरलं, पाणी बदललं, दाराला पडदा लावला. साहेबांनी स्वतःच्या छातीचे केस उपटून गवतावर पसरले, तेव्हा सिस्टरना गलबलून आलं. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, "पिल्लू गार लागलं तर लगेच मेलं म्हणू नका. आधी ऊब द्या, मग ठरवा."

फोन ठेवून सिस्टर फणकारल्या, "उंटावरून शेळ्या हाकतोय! मला मेलेलं ओळखायला शिकवणार!"

एका सकाळी त्या उठून पाहतात तो पेटीत केसांचा ढीग हलत होता. चार पिल्लं होती, बिनकेसांची, बोटाएवढी. पाचवं पेटीबाहेर फरशीवर पडलं होतं. बर्फासारखं गार, अंगात हालचाल नाही. सिस्टरनी ते तळहातावर घेतलं, अंगठ्याने छाती चोळली, एकदा, दोनदा. संपलं. मग हातांनी आपलं आपणच काम उरकलं. जुना रुमाल, तीन घड्या, मागची गॅलरी, कठड्याशी कुंडीजवळ ठेवून दार बंद. दार लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की साहेबांना दिसू नये म्हणून आपण सगळा वेळ पाठ करून उभ्या होतो. साहेब कोपऱ्यात गवत चघळत होते.

दहाच्या सुमारास गॅलरीत ऊन आलं. सिस्टर कपडे वाळत घालायला गेल्या आणि रुमाल हलला. वारा असेल म्हणावं, तर दोरीवरचा कपडाही हलत नव्हता.

त्यांनी हातातले कपडे खाली टाकले. घडी उघडली. पिल्लू तोंड उघडत होतं, मिटत होतं.

त्या तिथेच फरशीवर बसल्या. पिल्लू ब्लाउजच्या आत छातीशी धरलं आणि दीड तास हलल्या नाहीत. मग ते भावंडांत नेऊन ठेवलं. ससीण दिवसातून एखाददोनदाच पाजते, तेही पाच मिनिटं. संध्याकाळी साहेब पाजून गेले आणि पाचव्याचं पोट टम्म फुगलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "वा, सिस्टर!" सिस्टरनी फोन ठेवून दिला.

कारण प्रसूतिगृहाच्या मागच्या बोळातून नेताना ते चादरीचं गाठोडंही हाताला गरम लागलं होतं. आईच्या पोटातली ऊब काही वेळ राहतेच, हे कुठल्याही नर्सला माहीत असतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिलं होतं. सिस्टरनी सव्वीस वर्षं त्या उबेचा विचारही केला नव्हता. पण त्यांनी ते गाठोडं पुन्हा उघडून पाहिलं नव्हतं. आता घास तोंडाजवळ नेला की डोळ्यांपुढे रुमाल हलायचा. तीन दिवस त्या चहावर राहिल्या.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी रस्ता ओलांडला. शिंपी जेवायला गेला होता. बाईच्या मांडीवर सदरा होता, तोंडात दोरा. तिने दोरा तोडला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, सिस्टर."

सिस्टर बसल्या नाहीत. बसले तर सांगणं होणार नाही, अशी भीती होती. "मुलगी होती," त्या म्हणाल्या. "केस दाट होते. रंग तुमचाच. डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली होती."

बाई सुईकडे बघत राहिली. "माझ्या आईचा कान तसाच आहे," ती म्हणाली. मग सुई सदऱ्यात खोचून, "आणखी?"

"नखं वाढलेली होती. हनुवटीला खळी होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

बाईने मान हलवली. ती चूक माफ केली की नुसती ऐकली, ते कळलं नाही. "एक विचारू का? मला अजून वाटत राहतं, तिला थंडी वाजली असेल. हातात घेतलीत तेव्हा गार होती का हो ती?"



"नाही," त्या म्हणाल्या. "गरम होती. बोळाच्या टोकापर्यंत गरम होती."

"बरं झालं," बाई म्हणाली आणि सदऱ्यात तोंड खुपसून रडली. "फार बरं झालं, सांगितलंत. सव्वीस वर्षांत आज गार वाटलं जिवाला."

सिस्टर घरी आल्या. साहेब पाय पसरून झोपले होते. सिस्टरनी पेटीत हात घालून एकेका पिल्लाला बोट लावून पाहिलं. पाचही गरम होती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली.