वीज येण्याआधी

कायबारिएन गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पंचवीस वर्षांपूर्वी दोन माणसं टपालावरून अशी भांडली, की बोर्डावर बसलेल्या नेरेइदाने ऐकता ऐकता दोन फोन भलत्याच घरी जोडून दिले.

टपाल म्हणजे ई-मेल. ती तेव्हा गावात नवीनच आली होती. ती आणायच्या रीती दोन, पॉप आणि आयमॅप. लेओविहिल्दो पॉपवाला. त्याचं म्हणणं, पत्र सर्व्हरवरून उचलावं, घरी आणावं आणि तिकडची जागा झाडून मोकळी करावी. आर्सेनिओ आयमॅपवाला. पत्र तिथंच राहू दे, आपण घरून बघावं, हापिसातून बघावं, सगळीकडे सारखंच दिसतं, हे त्याचं.

"आणि एका जागी कुणी पुसलं तर?"

"सगळीकडून पुसलं जाईल. नीटनेटकं काम."

"नीटनेटकी तर कबरही असते, बाबा," लेओविहिल्दो म्हणाला.

नेरेइदाला लेओविहिल्दोचं पटलं. दुसऱ्याच्या घरात ठेवलेली वस्तू आपली कशी म्हणायची?

निवृत्त झाल्यावर तिने तीच रीत चालवली. गल्लीतल्या आठ घरांची पत्रं तिच्या एकाच खात्यावर यायची. नेरेइदा ती हाताने कागदावर उतरवायची, घरोघरी नेऊन द्यायची आणि प्रत्येक घरी अर्धा कप कॉफी घ्यायची. वीज तर दिवसातून दोनदा जायची, म्हणून लेओविहिल्दोने तिचा म्हातारा कॉम्प्युटर असा बसवून दिला होता, की वीज आली की तो आपणहून जागा व्हायचा आणि सर्व्हरशी बोलून घ्यायचा.

लेओविहिल्दो वारला. जानेवारीत कॉम्प्युटर रुसला तेव्हा आर्सेनिओ आला आणि त्याने सगळं आपल्या पद्धतीने लावलं, फोनवरसुद्धा. त्याने बरंच समजावलं, पण त्याच वेळी कॉफी उतू गेली, त्यामुळे निम्मं तिने ऐकलंच नाही.

जूनमधल्या त्या सकाळी कॉम्प्युटरने पत्रं आणली आणि नऊ वाजता वीज गेली. नेरेइदा पावाच्या रांगेत उभी राहिली. हातात फोन होता, त्यात जाहिरातींचा उकिरडा झालेला. तिने एकजात सगळं निवडलं, पुसलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. घरी कॉम्प्युटरच्या पोटात प्रत आहेच की.

मागे मिग्दालिया उभी होती. तिचा मुलगा सहा वर्षांपासून उरुग्वेत. ती म्हणाली, वकिलातीचं पत्र आज येणार, त्याच्याकडे जायच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आणि नंबर त्यातच. चुकलं तर पुन्हा दोन वर्षं थांबा, आणि तिथला फोन तर कुणी उचलत नाही. पत्राचं नाव लांबलचक असेल, 'सूचना'ने सुरू होणारं.

पुसलेलं सगळीकडून जातं, असं काहीतरी आर्सेनिओ जानेवारीत म्हणाला होता, ते नेरेइदाला अर्धवट आठवलं. आणि तसलं लांबलचक नाव तिने आत्ताच पुसलं होतं.

 रांग सोडून ती आर्सेनिओच्या दारात गेली. त्याने ऐकलं आणि हातातला वस्तरा खाली ठेवला.

"कॉम्प्युटर बंद आहे?"

"वीज गेलीय ना."

"मग पत्र त्याच्या पोटात आहे अजून. पण वीज आली आणि त्याची सर्व्हरशी गाठ पडली, की सर्व्हर सांगेल हे पुसलंय, आणि तो निमूटपणे पुसेल. अगं, पळ. टेलिफोनची वायर काढ."

सारी गल्ली विजेची वाट बघत होती. बायका दारात बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या, कुणी सरकारला नावं ठेवत होतं. ती एकटीच मनात म्हणत होती, देवा, आणखी थोडा वेळ वीज नको देऊस. एकाहत्तर वर्षांचे गुडघे काही ऐकत नव्हते. ओलसुमाने हाक मारली, काय गं, बटाटे आलेत का कुठे? नेरेइदाने न थांबता नुसता हात हलवला.

किल्ली कुलपात फिरली आणि त्याच वेळी गल्लीत आरोळी उठली. वीज आली होती. आत पंखा फिरला, फ्रिज कण्हला. टेबलाखाली कॉम्प्युटरने घरघर सुरू केली.

ती गुडघ्यांवर पडली आणि टेलिफोनची वायर तिने अशी ओढली, की सॉकेटसकट भिंतीचा पोपडा हातात आला.

कॉम्प्युटर म्हातारा, त्याला डोळे उघडायला पाच मिनिटं लागायची. त्यावरून तिने त्याला कितीदा शिव्या घातल्या होत्या. आता ती जमिनीवर बसून, उरावर हात ठेवून वाट बघत राहिली. पडदा उजळला. यादी उघडली. सातव्या ओळीवर ते लांबलचक नाव होतं.

तिने ते तीनदा उतरवलं, नंबर चारदा ताडून बघितला. मग कागद मिग्दालियाला नेऊन दिला, घडलेलं मात्र तिच्या कानावर घातलं नाही. रोजच्यासारखी अर्धा कप कॉफी घेतली.

आर्सेनिओने संध्याकाळी भिंत लिंपली आणि म्हणाला, लेओविहिल्दो वर बसून हसत असेल. हसू दे, ती म्हणाली, पण मला माझं पहिल्यासारखं लावून दे.

मिग्दालिया ऑगस्टमध्ये मुलाकडे गेली. डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी तिचं पत्र गल्लीत मागे राहिलेल्या तिच्या सासूला आलं. नेरेइदाला दोन दिवस बरं वाटत नव्हतं, तरी तिने ते उतरवलं, मोठ्या अक्षरात, कारण म्हातारीला कमी दिसतं. मग चपला घातल्या, चार घरं चालून गेली आणि कागद म्हातारीच्या हातात दिला. वाचून दाखवला, अर्धा कप कॉफी घेतली. घरी जाऊन पडायचं होतं, म्हणून दुसऱ्या कपाला नको म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेतलं.