हैदराबादच्या गाडीचा हीटर

"दोन्ही पाइपांना हात लावून बघा साहेब," मी म्हणालो. "हा चटका देतोय. हा गारच."

इंजिन वीस मिनिटं चालू होतं. इंजिनात तापलेलं पाणी एका रबरी पाइपातून डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमध्ये जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. कोअर म्हणजे वहीएवढा रेडिएटर. पंखा त्यावरून हवा फुंकतो, ती गरम होऊन गाडीत येते. जाणारा पाइप गरम आणि येणारा गार, म्हणजे कोअर चोक झालेला.

शिंदे साहेब हैदराबादेत विद्यानगरला राहायचे. शिमल्याला बदली झाली होती. डिसेंबर महिना, सोबत बायको नि सात महिन्यांची मुलगी, आणि परवा सकाळी गाडीनंच निघायचं. गाडी पाच वर्षं आमच्याकडेच सर्व्हिसिंगला यायची. त्या पाच वर्षांत हीटर कोणी लावलाच नव्हता.

आमचं गॅरेज गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागं. मालक सत्तारभाई. आठवीतून शाळा सोडून मी नांदेडकडून त्या स्टँडवर उतरलो, तेव्हा त्यांनी काम दिलं आणि झोपायला गॅरेजचा माळा दिला. हे मी कधी विसरलो नाही. धाकधूकही त्याचीच असायची. नोकरी गेली की छप्परही जाणार.

"हैदराबाद में हीटर कायकू साब?" सत्तारभाई म्हणाले. "मई में धूप में लगाओ, पूरी गाडी हीटर बन जाती."

"भाई, मी शिमल्याला चाललोय."

नवीन गाड्या तेव्हा धडाधड बाजारात येत होत्या, दर गल्लीत ॲक्सेसरीजचं दुकान निघत होतं. पण हीटर कोअर एकाकडेही नव्हता. दिल्लीहून मागवायला दहा दिवस.

"फ्लश करतो," मी म्हणालो.

"कंप्रेसर की हवा मार. पांच मिनट का काम."

"नक्को भाई. पुराना कोअर है. फटा तो गरम पानी सीधा मॅडम के पांवां पे."

सत्तारभाई म्हणाले, "ठीक है. तेरी जिम्मेदारी."

दोन्ही पाइप सोडवले आणि जिथून पाणी परत येतं त्या बाजूनं नळाची नळी लावली. उलट्या दिशेनं पाणी सोडलं की अडकलेला गाळ आला त्या वाटेनं बाहेर पडतो. नळ अगदी थोडा उघडला. आधी थेंब थेंब आलं, मग चहासारखं लाल पाणी, मग पांढऱ्या खपल्या. त्या खपल्या आमच्याच होत्या. रेडिएटरमध्ये आम्ही बिनदिक्कत बोअरचं पाणी भरायचो. घरात पाणी तापवायच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच इथं बसला होता. किराणा दुकानातून लिंबाचं सत आणलं, गरम पाण्यात विरघळवून कोअरमध्ये अर्धा तास ठेवलं. पुन्हा फ्लश. तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आलं, धारही मोठी झाली. पाइप जोडले, कूलंट भरलं, इंजिन तापवलं. दोन्ही पाइप गरम. आत भट्टीसारखी हवा.

खुशीत दिलसुखनगरकडे ट्रायलला निघालो. चौथ्या सिग्नलपर्यंत हवा कोमट झाली. टेंपरेचरचा काटा खाली आला होता.

कारण मला लगेच कळलं.

इंजिनात थर्मोस्टॅट असतो. पाणी नीट तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. उन्हाळ्यात गाड्या तापू नयेत म्हणून आमच्याकडे तो सरसकट काढून टाकायचे. त्यामुळे गाडी पळायला लागली, वारा लागला, की इंजिन थंड. या गाडीचा थर्मोस्टॅट दोन उन्हाळ्यांपूर्वी मीच काढला होता.

गप्प राहिलो असतो तर गाडी गॅरेजच्या दारात गरम हवा देतच होती. साहेब खूश होऊन गेले असते. आणि पुढं घाटात पोर गारठली असती. मी गॅरेजवर परतलो.

"साहेब, यातला एक पार्ट मी काढला होता. तुम्हाला न विचारता."

"का?"

सत्तारभाई हात पुसत पुढं आले. "मैंच बोला था साब. यहां सबका निकालते हम." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अब खडा कायकू? डब्बा ला."

काढलेले थर्मोस्टॅट बिस्किटाच्या डब्यात पडलेले असायचे. या गाडीच्या मापाचे तीन निघाले. समोरच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणून तिन्ही त्यात टाकले.

"शक्कर डालूं क्या?" चहावाला म्हणाला.

पहिला उघडलाच नाही. दुसरा उघडला, पण गार झाल्यावर मिटेना. तिसरा उघडला आणि घट्ट मिटला. तो बसवला आणि साहेबांना शेजारी घेऊन पुन्हा दिलसुखनगर गाठलं. परत येईपर्यंत दोघांचे शर्ट घामानं ओले.

जानेवारीत शिमल्याहून पोस्टकार्ड आलं. मराठीत होतं, म्हणून सत्तारभाईंना मीच वाचून दाखवलं. बाहेर बर्फ आहे, गाडीत मुलीचा स्वेटर काढावा लागतो. "फिर पढ," ते म्हणाले.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. काढलेला पार्ट मी पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून गाडीमालकाच्या हातात देतो. हैदराबादची गाडी हैदराबादेतच राहील, असं धरून चालत नाही.