झोपलेली कमळं

इतवारी बाजाराच्या कोपऱ्यावर कमळं विकणाऱ्या सगुणाबाई दुपार व्हायच्या आत दुकान उठवत. गोणपाटावर फुलं उरली असली, समोर गिऱ्हाईक उभं असलं, तरीही. "फुलं झोपून राहिली आता," म्हणत आणि टोपली डोक्यावर घेऊन आपल्या गावाची, पारशिवनीची एस.टी. गाठत. मी त्यांना अगं-तुगं करत असे आणि हे झोपणं म्हणजे त्यांचा नखरा समजत असे.

मी शाळामास्तर. राष्ट्रीय फुलाचा धडा माझा हातखंडा. चिखलात उगवूनही चिखल अंगाला न लावणारं, लक्ष्मीचं आसन, बुद्धाच्या मूर्तीखालचं, जुन्या लेण्यांत कोरलेलं, म्हणून देशाने ते आपलं मानलं, असं मी रंगून शिकवायचो. एकदा सगुणाबाईंनाही हे सगळं ऐकवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्याले नाही लागत चिखल. आमाले लागते ना गुरुजी, तोडताना."

एका वर्षी पंधरा ऑगस्टला खरी कमळं हवीत असं माझ्या डोक्यात आलं. "पाहुण्यांच्या हातात फूल तूच द्यायचं," असं मी त्यांना कबूल केलं. पहिल्या गाडीने त्या आल्या, नवं लुगडं नेसून, फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून. झेंडावंदन हेडमास्तरांनी उरकलं; पाहुणे साडेबाराला उगवले. तोवर सगुणाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. "झोपतीन हे, गुरुजी," असं दोनदा येऊन सांगून गेल्या. मी हात उडवला.

फडकं सोडलं तर सगळी फुलं मिटलेली. "शिळा माल आणलास? राष्ट्रीय फूल आहे हे, कळतं का तुला?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"झोपले ते, गुरुजी."

पोरं हसली. मीही हसलो. मग भिंतीवरचं कागदी कमळ काढून एका मुलीच्या हातून पाहुण्यांना दिलं. सगुणाबाई केव्हा निघून गेल्या ते मी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राच्या सरांना ही गंमत सांगितली. ते म्हणाले, "अहो, कमळ दुपारपर्यंत मिटतंच." अकरा वर्षं मी तो धडा शिकवत होतो आणि तळ्यातलं कमळ एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

इतवारीत माफी मागायला गेलो. वाटभर वाक्य जुळवलं होतं, 'अहो' म्हणायचंही ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "पुढच्या वर्षी कार्यक्रम आठालाच ठेवू." त्या फुलांवर पाणी शिंपडत म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं, गुरुजी? पुस्तकातलं फूल मिटत नसन." तो टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात त्या वारल्याचं शेजारच्या भाजीवालीकडून कळलं. माफी राहूनच गेली.

कमळ दुपारी मिटतं, हे मला सगुणाबाईंनी शिकवलं, असं मी पुढे प्रत्येक वर्गाला सांगत आलो. कसं शिकवलं, असं कोणी विचारलं की मी धड्याचं पान उलटायचो.