राहून गेलेली वेलांटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बाबतीत ही बातमीच समजा, कारण मी न सांगितलेलं असं दारव्ह्यात फारसं काही उरलेलं नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. घसा त्यातच बसला आणि त्यातच उघडला. आमच्या मोरीत निघालेला साप मी पहिल्यांदा सांगितला तेव्हा हातभर होता, सध्या तो अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या गच्चीवर पोचला आहे. बाजारात बाया मला पाहिलं की आधी हातातल्या पिशव्या खाली ठेवतात. अशी मी. आणि ही एक गोष्ट मात्र नवऱ्यालासुद्धा नाही. काहून? ती वाढवता येत नाही म्हणून? की आहे तेवढीच पुरेशी आहे म्हणून?

बसा. पुस्तकापासून सुरू करते.

निवृत्त झाल्यावर मी एक किशोर कादंबरी लिहिली, आठवी-नववीतल्या पोरापोरींसाठी. आपल्याकडच्या या पुस्तकांत मुलं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे — भुयार शोधतात, चोर पकडतात, सुट्टीत मामाच्या गावी जाऊन शहाणी होऊन येतात. माझ्या पुस्तकात दोघीजणी होत्या. नंदा आणि किरण. नववीतल्या, एकाच सायकलवर डबलसीट शाळेत जाणाऱ्या. आणि नंदाला किरण आवडायची. मैत्रीण आवडते तशी नव्हे. किरण शाळेत आली नाही की नंदाला गणिताचा आणि खेळाचा तास सारखाच लांब वाटायचा. किरण वेणी सोडून पुन्हा घालायला लागली की तिला येणारं उत्तरही येईनासं व्हायचं. तशी.

कुठून आल्या या दोघी? मलाही हेच कुतूहल आहे. तुमच्या मनात आलंच असेल, बाईची स्वतःचीच गोष्ट दिसते. नाही हो. मला असं ज्या एका जिवाबद्दल वाटलं तो शेजारच्या खोलीत घोरतो आहे, आणि त्या घोरण्याने भिंतीचे पोपडे पडताहेत. पण तीस वर्षं फळ्याकडून वर्गाकडे पाहिलं की कुणाचा डोळा कुठल्या बाकावर जाऊन थांबतो ते दिसतंच. दोन-चार वर्षांआड एखादी नंदा असायची. मला दिसायची, आणि मी म्हणायची, चला, समास ओळखा. कादंबरी लिहिताना पहिल्यांदाच मी तिच्याकडे नीट वळून पाहिलं.

पाहिलं — आणि मग किरणला मुलगा करून टाकलं.

हे मला कुणी करायला लावलं? इथे माझं पहिलं खोटं आहे. चार लिहिणारे जमले की मी सांगते, प्रकाशकाने टेबलावर अशी मूठ आपटली की कप उडाला आणि चहा माझ्या पदरावर. शाळांमध्ये जायचं पुस्तक आहे मॅडम, असं तो गरजला. लोक हळहळतात. मी पदरावरचा डागही दाखवते. तो लोणच्याचा आहे. खरं इतकंच की प्रकाशकाकडे हस्तलिखित गेलं तेव्हा किरण आधीच मुलगा झालेला होता. तो बिचारा मूठ कशाला आपटेल? त्याला माहीतच नव्हतं. कुणीही, कधीही, एक शब्द बोललेलं नव्हतं. मी होते, जेवणाचं टेबल होतं आणि लाल पेन.

आणि किती सोपं गेलं म्हणता! किरण हे नाव पोराचंही असतं, पोरीचंही. बोलण्यातलं तर जवळजवळ काहीच बदलावं लागलं नाही — आमच्या वऱ्हाडातल्या बाया 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात. इथे मी 'सांगते' लिहिते आहे, पण तुम्ही समोर बसला असतात तर 'सांगतो' म्हटलं असतं. उरलं निवेदन. 'आली'चं 'आला' करायला काय लागतं? काना तसाच ठेवायचा, त्याच्या डोक्यावरची वेलांटी तेवढी खोडायची. मी व्याकरणाची बाई. हात सराईत. वेणीच्या जागी शर्टाची कॉलर आली, 'ती'चा 'तो' झाला, आणि चार दुपारींत एक मुलगी पुस्तकातून निघून गेली. कुणाला काही ऐकू आलं नाही. मलाही नाही.

एक राहिली. पान अठ्ठ्याऐंशी. सायकलची चेन पडते, किरणचे हात काळे होतात, नंदा पोट धरून हसते, आणि खाली दोन शब्द: 'किरण रुसली.'

मुद्दाम ठेवली का मी ती? स्वतःला विचारून पाहिलंय. मुद्दाम ठेवली असं म्हणता आलं तर काय बहार येईल — बाईने बंद घरात एक खिडकी उघडी ठेवली होती वगैरे. नाही. त्या पानावर असताना दूध उतू गेलं. परत येऊन बसले ती पुढच्या पानावर.

पुस्तक आलं, चाललं. मग मुकुटबनच्या बाजूच्या एका शाळेने बोलावलं, लेखिका आपल्या भेटीला म्हणून. रस्ता असा खड्ड्यांचा की माझी एक दाढ पांढरकवड्याला पडली आणि दुसरी पाटणबोरीला — बरं, एकच पडली, आणि ती आधीपासून हलत होती. सभागृह म्हणजे दोन वर्गांमधला पडदा सरकवलेला. दीडशे पोरं जमिनीवर. मी सापाने सुरुवात केली, आणि पाच मिनिटांत हेडसरसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसले.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. मुलींच्या तिसऱ्या रांगेतून एक उठली. नववीची. तिचं नाव मला माहीत आहे, सांगणार नाही. हातात शाळेच्या लायब्ररीतलं माझं पुस्तक, पानात बोट घातलेलं.

"मॅडम, अठ्ठ्याऐंशी पानावर 'किरण रुसली' असं हाये. बाकी पुस्तकात तो पोरगा हाये." ती थांबली. "हे चुकून झालं, का बाकीचं?"

का बाकीचं. ऐकलंत? माझ्या पुस्तकाची दोन परीक्षणं आली, एकाने भाषेला 'ओघवती' म्हटलं, दुसऱ्याने 'प्रवाही'. आणि या पोरीने एका वेलांटीवरून अख्खं घर ओळखलं. कसं? मला अजून कळलेलं नाही. कसं वाचलं असेल तिने — एकदा? दहादा? तिथे उभी असताना मला आधी आनंदच झाला, हे पण सांगते. सापडले बाप्पा, असं वाटलं.

आणि मग मी तोंड उघडलं.

मी म्हटलं, त्याचं असं आहे पोरांनो, आमच्या प्रेसमधले प्रूफ तपासणारे काका सत्तरीचे, त्यांच्या चष्म्याची एक काच बकरीने खाल्लेली. अर्धं पान दिसतं, अर्धं अंदाजाने. याच काकांनी एकदा लग्नपत्रिकेत नवरदेवाला चि. सौ. कां. छापलं आणि नवरीला चि. एवढंच. वरात आली तर बँडवाल्यांना कळेना, नाचायचं कोणापुढे. आणि नवरदेव लाजून लाजून घोड्यावरून उतरेना. असे काका कोणी नाहीत. ती पत्रिका कधी छापली नाही. सगळं तिथल्या तिथे, तिच्या तोंडाकडे पाहता पाहता रचलं. आणि माझं आयुष्यातलं सगळ्यात जास्त हशा मिळालेलं भाषण म्हणाल तर ते तेच.

मागून एक पोरगा म्हणाला, "अबे, इलेबी पाह्य एकदा, पोरगा हाये का पोरगी," आणि हशा पुन्हा उठला, पण आता त्याचा रोख प्रेसच्या काकांवर नव्हता. मी थांबवू शकत होते. तीस वर्षं वर्ग गप्प केलेत मी, नुसत्या भुवईने. ती भुवई मी त्या दिवशी उचलली नाही. मीही हसत होते — हसण्याच्या मध्येच कसं थांबायचं?

ती खाली बसली.

कार्यक्रमानंतर ऑफिसात पोहे, चहा आणि सह्यांची रांग. ती सगळ्यांत शेवटी आली, बाकीचे गेल्यावर. पुस्तक पुढे केलं. मी सहीसाठी उघडलं ते मधूनच उघडलं गेलं.

पेन्सिल. सगळीकडे बारीक, टोकदार पेन्सिल. जिथे जिथे 'किरण आला' तिथे कान्याच्या डोक्यावर नाजूक वेलांटी चढवलेली. हसला — हसली. बसला — बसली. प्रत्येक 'तो' खोडून वर 'ती'. मी पानं उलटत गेले. पहिल्यापासून शेवटापर्यंत. कॉलर मात्र तिने तशीच ठेवली होती. तिथे वेणी होती हे तिला कळायचा काही मार्गच नव्हता. माझं मूळ हस्तलिखित तिने कधी पाहिलेलं नाही, आणि ते ती एका वेलांटीवरून पुन्हा लिहून माझ्यासमोर घेऊन आली होती.

"मॅडम, खरं सांगा ना," ती हळूच म्हणाली. "खरं असन तर मले कामाचं हाये."

खोलीत आम्ही दोघीच होतो. ऐकायला हेडसर नव्हते, पोरं नव्हती, प्रकाशक तर दोनशे कोसांवर. 'हो' म्हणायचं होतं. दोन मुलीच होत्या त्या, माय, आणि नंदाचं तिच्यावर प्रेम होतं — इतकंच. बोलण्याच्या बाबतीत मला कधी कुणी कंजूष म्हटलेलं नाही. आणि मी म्हटलं, "नाही गं. छपाईचीच चूक आहे ती."

तिने मान हलवली. शुभेच्छा लिहून मी सही केली.

जीप निघायला वेळ होता. मी पुढच्या सीटवर बसले आणि समोर व्हरांड्याच्या पायरीवर ती दिसली. कंपासपेटी उघडी, पुस्तक मांडीवर, हातात खोडरबर. पुस्तक लायब्ररीचं होतं. एकेक ओळ बोटाने धरून ती खोडत होती, कागद फाटू नये म्हणून हलक्या हाताने. मग फुंकर, मग पुढची ओळ. घाई नव्हती. बावीस पावलं होती आमच्यामध्ये. इतर वेळी मी हा आकडा शंभर केला असता. ड्रायव्हर पान लावून येईपर्यंत मी तिथेच बसून होते, आणि उतरले नाही. ती कुठल्या पानापर्यंत पोचली होती ते मला दिसलं नाही.

तिच्या कामाचं म्हणजे कुठल्या कामाचं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती कोणाला दाखवणार होती? की कोणाला नाहीच, फक्त स्वतःला? आता ती अठराची झाली असेल.

गेल्या वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशकाचा फोन आला, सभ्य माणूस, काही दुरुस्त्या असतील तर सांगा म्हणाला. मी म्हणेन ते तो बदलणार होता. मी म्हटलं, एकच आहे. पान अठ्ठ्याऐंशी, खालून चौथी ओळ. 'रुसला' करा.

त्याने केलं.