येण्याचं काय?

"जाण्याचं झालं. येण्याचं काय?"

हे विचारताना चाचांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असे आणि कानामागचं बॉलपेन हातात. समोरचं गिऱ्हाईक कुठलंही तिकीट मागो, चाचांचं पेन आधी हवेतून त्या गावाला जाऊन यायचं. गेलेलं पेन परत दुबईत उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

दुबईच्या करामा भागात एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं तिकिटांचं दुकान होतं. 'ट्रॅव्हल एजन्सी' म्हटलं की लाजायचे. दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, आणि भिंतीवर कुठल्या तरी विमान कंपनीने फुकट दिलेलं घड्याळ, जे नेहमी मागे असायचं. मूळचे दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. मी जबल अलीच्या एका गोदाम कंपनीत ॲडमिन सांभाळतो. आमच्या माणसांची रजेची तिकिटं चाचांकडून काढायची हे माझं काम. फोनवर पाच मिनिटांत उरकलं असतं, पण मी जातीने जायचो, कारण चाचा-चाची दुकानाच्या वरच राहत आणि मी आलो की चाची वरून कोकम सरबत पाठवत. मंडळी, आपल्या कर्तव्यनिष्ठेचं खरं कारण माणसाने कधीतरी सांगून टाकावं.

तेजीचे दिवस होते. न बांधलेल्या इमारतींचे मजले विकले जात होते, समुद्रात अजून न उगवलेली बेटं विकली जात होती. अशात पेपरात बातमी आली की परदेशातली एक खाजगी कंपनी साध्या माणसांना अंतराळात नेऊन आणणार आहे. 'साध्या' म्हणजे ज्यांच्याकडे पैशांशिवाय दुसरी कुठलीही पात्रता नाही अशा. चाचांनी जुन्या कॅलेंडरातलं पृथ्वीचं निळं चित्र फाडलं, काचेच्या दारावर चिकटवलं आणि खाली मार्करने लिहिलं: 'अंतराळ सहल. जाऊन-येऊन. चौकशी आत करावी.' मराठीत, हिंदीत आणि स्वतःच्या खास इंग्रजीत.

काय सांगू तुम्हाला, लोक खरंच आत यायचे! एका सिंधी शेटजींनी विचारलं, सामान किती किलो चालेल. चाचांच्याच गावच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, वर गेल्यावर नमाजाला तोंड कुठे करायचं. त्यावर चाचा दोन दिवस गंभीर होते. आमचे एक पुणेकर ऑडिटर मित्र आहेत, त्यांनी विचारलं, परत आल्यावर तक्रार कुठे नोंदवायची. किंमत ऐकून माणूस आधी दिरहममध्ये दचकायचा, मग ओठ हलवत हिशोब करून रुपयांत दचकायचा. आणि हसून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला: "पण चाचा, वर जाऊन मिळतं काय?"

"ते मला काय विचारता?" चाचा म्हणायचे. "मी एवढंच बघतो की या तिकिटात एकेरी मिळतच नाही. नेलं की आणावंच लागतं. असं दुसरं तिकीट दाखवा मला!"

मग मंदी आली आणि चाचांच्या दुकानात सगळे एकेरीच मागायला लागले.

शेजारच्या लॉन्ड्रीत कुणी न नेलेले शर्ट टांगून राहिले. आमच्या कंपनीतूनही माणसं कमी झाली. त्यांच्याबरोबर तिकिटांसाठी जायचो मी. साताऱ्याचा एक तरुण इंजिनियर होता, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तो म्हणाला, "चाचा, एकेरीच काढा. व्हिसा खलास. रिटर्न घेऊन करू काय?"

तेव्हा जाऊन-येऊनचं तिकीट एकेरीपेक्षा काही फार महाग नसायचं. चाचांनी पेन मुंबईला नेलं, परत आणलं. "खिशात ठेव. घरात रिकाम्या खिशाने शिरू नये. उद्या आई विचारेल, परत कधी? तारीख सांगता आली पाहिजे."

तो बाहेर पडला आणि दारावरचं ते निळं चित्र बघून त्याचं डोकं फिरलं. "इथे माणसं रस्त्यावर आलीत, आणि यांना वर जायचंय!" म्हणून त्याने चित्राचा कोपरा टरकन फाडला. मी उठलो, तर चाचांनी माझा हात धरला. "बसा. राग बरोबर आहे त्याचा." तो गेल्यावर त्यांनी तो कोपरा चिकटपट्टीने जोडला.

त्याच मंदीत दुकानाचं भाडं किंवा घराचं भाडं, यांतलं एकच भरता येईल अशी वेळ आली. चाचांनी दुकान ठेवलं, घर सोडलं, स्वतः चौघांच्या खोलीत एक खाट घेतली आणि चाचींना गावी पाठवलं. सहा महिन्यांसाठी. तिकीट अर्थात जाऊन-येऊन. "इन्शाल्ला, रमजानच्या आधी आणतो." जाताना चाचींनी मला कोकमाची बाटली दिली. म्हणाल्या, "पाणी तुम्हीच घाला भाऊ. हे नुसतं गोड करून ठेवतील."

परतीची तारीख चाचांनी पुढे ढकलली, मग आणखी पुढे. स्वतःच्याच कीबोर्डवर, स्वतःच्याच बोटांनी. शेवटी तिकिटाची मुदत संपली. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडून भांडणारंही कुणी नव्हतं.

मग दर वर्षी महिनाभर चाचाच जायचे. चाची रात्रभर बसमध्ये बसून मुंबईला यायच्या आणि विमानतळाबाहेरच्या रेलिंगपाशी सरबताची बाटली धरून उभ्या राहायच्या. सलाम नंतर, आधी बाटली. चाचा हे रंगवून सांगायचे: "लोक फुलं घेऊन उभे, आणि आमची बेगम बाटली घेऊन! एकदा पोलिसाने वास घेऊन बघितला!"

एका वर्षी मात्र परत आले ते नुसतेच पेन फिरवत बसले.

"काय झालं चाचा?"

"काही नाही हो. ती म्हणाली, घरी येणारा माणूस जाण्याची तारीख सांगून येतो का? तो पाहुणा. एकदा घरच्यासारखे या."

"मग?"

"मग काय! मी हसलो."

हसण्यात आणखी काही वर्षं गेली. दुकान तसंही ओस पडत चाललं होतं. लोक आता बसल्या जागी मोबाईलवर तिकिटं काढत आणि मोबाईल कुणाला येण्याचं विचारत नसे. अखेर एका संध्याकाळी चाचांनी मला बोलावलं. "यल्ला, लवकर या. साक्षीदार पाहिजे." स्क्रीनवर त्यांचंच नाव होतं. दुबई ते मुंबई. एकेरी. त्यांनी पेन मुंबईच्या दिशेने नेलं आणि परत न आणता खिशात टाकलं. "पहिला रोजा घरी," म्हणाले. लग्न ठरल्यासारखा चेहरा झाला होता.

आणि विमानं बंद झाली.

तुम्हाला ते दिवस सांगायला नकोत. सगळ्या जगाचीच दारं लागली होती. रमजान लागला आणि पहिल्याच आठवड्यात चाचींना ताप भरला. दापोलीच्या दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत. मातीला चार माणसं होती. चाचींच्या भावाने चाचांना फोन केला, चाचांनी मला केला. त्यांची इमारत सील झालेली, मला जाताही येईना. फोनवर एवढंच म्हणाले, "तीन तासांचं विमान आहे हो. तीन तासांचं."

विमानं सुरू झाली, तरी चाचा गेले नाहीत. विमान कंपनीने तिकीट चालू ठेवलं होतं, चाचा तारीख पुढे ढकलत राहिले. मी एकदाच विचारलं. म्हणाले, "आता घरच्यासारखं कुणाकडे जाऊ?"

पुढच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला होते. ऑडिटरही होते. टीव्हीवर बातमी लागली: कुणी एक बडा व्यापारी स्वतःच्याच रॉकेटमधून अंतराळात जाऊन आला होता. गेला, तरंगला आणि वाळवंटात उतरलासुद्धा.

"बाबा, दॅट वॉज ऑसम!" आमची कन्या.

"कसलं ऑसम?" ऑडिटर. "एवढ्या पैशात हॉस्पिटलं झाली असती. चहा निवायच्या आत खाली! मिळालं काय?"

"हौसेला मोल नसतं म्हणतात," आमची ही म्हणाली, "इथे मोल लावूनच हौस पाठवलीय."

मी तर काय, डोक्यावर पुऱ्यांची चाळण घालून हवाई सुंदरीच्या आवाजात घोषणा केली, की प्रवाशांनी पोटातलं पाणी न हलवता बसावं. सगळे हसले. चाचा हसले नाहीत.

"बेटा, ते परत दाखव," ते माझ्या मुलीला म्हणाले. तिने रॉकेट उडतानाचं लावलं. "ते नको. उतरल्यानंतरचं."

दार उघडतं. वाळूतून माणसं धावत येतात, आत वाकतात, त्याला मिठी मारतात. चाचांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. आणि पुन्हा.

"चाचा, तुम्ही या धंद्यातले," ऑडिटर म्हणाले. "तुम्हीच सांगा, काय अर्थ आहे का या जाण्याला?"

चाचांनी चष्मा वर सरकवला. "साहेब, हा दहा मिनिटं गेला, तर सगळी दुनिया विचारतेय, काय मिळालं. मी तीस वर्षं गेलो. मला कधी विचारलंत?"

ऑडिटरांनी हातातली पुरी ताटात ठेवली.

"आणि हा उतरला हो," चाचा टीव्हीकडे बघत म्हणाले. "याला घ्यायला माणसं आली. मी अजून वरच आहे."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. नवं तिकीट मी काढतो म्हटलं, चांगल्या वेळेचं. "नको," म्हणाले. "तिने मागितलेलं हेच आहे." तेच एकेरी तिकीट, तारीख बदललेलं. विमानतळावर मी सवयीने नाटकी आवाज काढला, "चाचा, जाण्याचं झालं..." त्यांनी आपल्या कानामागचं पेन काढलं, माझ्या कानामागे खोचलं आणि आत गेले.

संध्याकाळी फोन आला.

"उतरलो."

मागे ट्रॉल्यांचा खडखडाट होता. "कुणी आलंय का घ्यायला?" मी विचारलं.

"रेलिंगपाशी उभा आहे. बाहेरच्या बाजूला, ती उभी राहायची तिथे." थोडं थांबून म्हणाले, "इथून दार नीट दिसत नाही हो. मध्ये खांब येतो. इतकी वर्षं मी तिला कसा दिसायचो, कोण जाणे."

मी म्हटलं, चाचा, दापोलीची गाडी चुकेल.

"जातो," ते म्हणाले. "थांबतो जरा. अजून माणसं बाहेर येतायत."